डब्याच्या सुट्टीपासून स्कूल बोर्डापर्यंत

अमेरिकेतल्या शाळेत वंशद्वेष वर्गात फारसा भेटत नाही. तो भेटतो डब्याच्या सुट्टीत, स्कूल बसच्या मागच्या बाकांवर, जिमच्या लॉकर रूममध्ये आणि रात्री उशिरा चालणाऱ्या ग्रूप चॅटवर. जिथे ढीगभर मुलांमागे एखाददुसरं मोठं माणूस असतं किंवा कोणीच नसतं, तिथे. कॅफेटेरियात तर आवाजच इतका असतो की शेजारच्या टेबलावर काय बोललं गेलं ते देखरेख करणाऱ्याला ऐकूही येत नाही. डोळ्यांचे कोपरे बोटांनी ताणून दाखवायला एक सेकंद लागतो. डबा उघडल्यावर नाक दाबायला तेवढंच. २०२० नंतर त्यात आणखी एक भर पडली: आशियाई चेहऱ्याचं मूल जवळून गेलं की मुद्दाम खोकायचं आणि ‘कोरोना’ म्हणून लांब सरकायचं.

ते मूल चिनी असेल, कोरियन असेल, फिलिपिनो असेल, नागालँडमधून आलेलं असेल किंवा ठाण्याचं असेल. खोकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. आणि ज्याला फरक पडत नाही, त्याच्यासमोर ‘आम्ही चिनी नाही हो’ असं सांगून काही मिळत नाही, हे आपल्या लोकांनी फार आधी शिकायला हवं होतं. १९८७ साली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांना हुसकावून लावण्याची धमकी स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून दिली होती. ‘डॉट’ म्हणजे आपलं कुंकू, आपली टिकली. त्या वर्षी हबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला जमावाच्या मारहाणीत जीव गमवावा लागला. तो पारशी होता. त्याच्या घरची रीत निराळी, धर्म निराळा, पण मारणाऱ्यांनी ते विचारलं नाही. त्याआधी पाच वर्षं डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला जपानी मोटारींवरच्या रागापायी मारलं गेलं, आणि मारणाऱ्यांना शिक्षा झाली ती तीन वर्षं देखरेखीची आणि तीन हजार डॉलर दंडाची. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोढी यांना पगडीमुळे गोळी घातली गेली. या देशात आशियाई माणसाला नेहमी दुसऱ्याच आशियाई माणसाच्या नावाने मार बसत आला आहे.

घरी मात्र मूल आल्यावर होतं काय? मुलगी सांगते, अमुक असं म्हणाला. आई म्हणते, “अगं, लक्षच नको देऊस. तू अभ्यासात पुढे गेलीस की आपोआप गप्प बसतील.” बाबा म्हणतात, “जाऊ दे, उगाच शाळेच्या डोळ्यांवर यायला नको.” हे बोलणं मायेपोटीच येतं, त्यात शंका नाही. नव्या देशात व्हिसाच्या कागदावर उभं राहिलेलं घर सावध असणारच. पण मूल एकदा सांगतं, दुसऱ्यांदा सांगतं, तिसऱ्यांदा सांगत नाही. मग खुणा दिसायला लागतात. डबा तसाच परत येतो. पोळीभाजीऐवजी रोज सँडविचच हवं असतं. बसने जायला नको, गाडीने सोडा असा हट्ट सुरू होतो. आजी शाळेच्या दारापाशी मराठीत हाक मारते तेव्हा नातू वळून बघत नाही. हे ‘मोठं होणं’ आहे की आणखी काही, हे विचारायची वेळ तीच.

या सगळ्यावर एक शाळा म्हणून, एक वस्ती म्हणून उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर शोधताना फिलाडेल्फियाकडे पाहावं लागतं. ब्रॉड स्ट्रीट आणि स्नायडर ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं साऊथ फिलाडेल्फिया हायस्कूल. ३ डिसेंबर २००९ या एका दिवसात तिथे सुमारे ३० आशियाई विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. बहुतेक मुलं चीन आणि व्हिएतनामहून नुकतीच आलेली, इंग्रजी शिकत असलेली. मारहाण शाळेच्या इमारतीत झाली, कॅफेटेरियात झाली आणि शाळा सुटल्यावर बाहेर रस्त्यावरही झाली. अनेकांना इस्पितळात जावं लागलं.

हे अचानक झालं नव्हतं. त्याआधी वर्षभराहून अधिक काळ मुलं तक्रारी करत होती. वेई चेन या विद्यार्थ्याने आदल्या वर्षीच्या हल्ल्यानंतर शाळेत चिनी अमेरिकन विद्यार्थ्यांची संघटनाही बांधली होती. पण तक्रारी जात कुठे होत्या? तोडक्यामोडक्या इंग्रजीत कोणाला तरी तोंडी सांगितल्या जात आणि तिथेच संपत. दुभाषा नसे. पालकांना फोन गेला तर तो त्यांना कळत नसे. जे कागदावर येई, तेही ‘विद्यार्थ्यांमधली मारामारी’ म्हणून येई. त्यामुळे प्रत्येक घटना सुटी राहिली. माळ कोणालाच दिसली नाही, किंवा दिसूनही ती ओढून बाहेर काढायचं कोणी मनावर घेतलं नाही.

हल्ल्यानंतरच्या सोमवारी सुमारे ५० विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला. तो आठ शाळकरी दिवस चालला. या आठ दिवसांत त्यांनी जे केलं त्यात खरी शिकवण आहे. ती मुलं घरी बसली नाहीत. रोज एकत्र जमली. कोणाला कधी, कुठे, कोणी, कोणासमोर मारलं, हे बोलून आणि लिहून काढलं. मागण्या तयार केल्या. तेव्हा शहरातल्या शाळा एका आयोगाच्या ताब्यात होत्या. त्या आयोगापुढे जाऊन त्यांनी आपापल्या भाषेत, दुभाष्यासह, साक्ष दिली. पाठीशी होती ‘एशियन अमेरिकन्स युनायटेड’ ही शहरातली जुनी संस्था आणि तिच्यातल्या हेलन गिम यांच्यासारख्या कार्यकर्त्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: मारणारी मुलं बहुतेक कृष्णवर्णीय असूनही या मुलांनी ‘काळे विरुद्ध आशियाई’ असं भांडण होऊ दिलं नाही. त्यांचं बोट शेवटपर्यंत मोठ्यांकडे राहिलं. शाळा सुरक्षित ठेवणं हे ज्यांचं काम, त्यांनी ते केलं नाही, एवढंच ते सांगत राहिले. सोळा-सतरा वर्षांच्या, नुकता मार खाल्लेल्या मुलांनी हा विवेक दाखवला, याचं नवल अजूनही ओसरत नाही.

जानेवारी २०१० मध्ये आशियाई अमेरिकनांच्या कायदेविषयक संस्थेने अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार दिली. ऑगस्टमध्ये खात्याने तक्रारीत तथ्य असल्याचं कळवलं. डिसेंबर २०१० मध्ये शहरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेशी, म्हणजे ‘शाळा जिल्ह्या’शी, समझोता झाला. तज्ज्ञ सल्लागार नेमायचा, छळ रोखण्याची सविस्तर योजना करायची, कर्मचारी आणि विद्यार्थी दोघांना प्रशिक्षण द्यायचं, इंग्रजी न येणाऱ्या पालकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, प्रत्येक चौकशीची नोंद ठेवायची आणि त्या नोंदींचा हिशेब सरकारला द्यायचा, असं त्यात ठरलं. ही यादी कंटाळवाणी वाटेल. पण शाळा बदलली ती या कंटाळवाण्या यादीने. नवे मुख्याध्यापक आले, त्याचाही मोठा हात होता. निषेधाचं निवेदन मात्र कितीही सुंदर लिहिलं तरी कॅफेटेरियात उभं राहत नाही. तिथे माणूस उभा करावा लागतो.

फिलाडेल्फियाहून डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी. एडिसन, प्लेन्सबरो, साऊथ ब्रन्सविक, जर्सी सिटी. मराठी कानांना ही नावं आता चिंचवड-डोंबिवलीइतकी सवयीची झाली आहेत. या राज्यात शाळेतल्या छळाविरुद्ध २०११ सालापासून जो कायदा लागू आहे तो अमेरिकेतल्या कडक कायद्यांपैकी एक मानला जातो. शाळेच्या बोलीत त्याला ‘एचआयबी’ म्हणतात: हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग. तो माहीत नसलेले मराठी पालक पुष्कळ आहेत, आणि माहीत असलेल्यांनाही त्यातलं घड्याळ, म्हणजे कशाला किती दिवसांची मुदत, हे माहीत नसतं. म्हणून ते जरा सावकाश सांगायला हवं.

प्रत्येक शाळेत एक ‘अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट’ असतो, बहुतेकदा काउन्सेलर. सगळ्या शाळा जिल्ह्यासाठी एक समन्वयक असतो. दोघांची नावं आणि फोन नंबर शाळेच्या संकेतस्थळावर असावेच लागतात. शिक्षकाने किंवा बस ड्रायव्हरने काही पाहिलं, किंवा त्याच्या कानावर खात्रीलायक आलं, तर त्याने त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तोंडी सांगायचं आणि दोन शाळकरी दिवसांत लेखी द्यायचं. तोंडी खबर मिळाल्यापासून एका शाळकरी दिवसात चौकशी सुरू व्हायला हवी, आणि लेखी तक्रारीपासून दहा शाळकरी दिवसांत संपायला हवी. संपल्यावर दोन शाळकरी दिवसांत निष्कर्ष शाळा जिल्ह्याच्या प्रमुखाकडे, म्हणजे सुपरिंटेंडंटकडे, आणि तिथून स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, पुढच्या बैठकीत. बोर्डाला कळवल्यापासून पाच शाळकरी दिवसांत पालकांना लेखी उत्तर. ते पटलं नाही तर साठ दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते. तिथेही समाधान झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील. तक्रारीचा ठरलेला फॉर्म आहे, ‘एचआयबी ३३८’. तो पालकालाही भरता येतो.

हे घड्याळ आपोआप सुरू होईल असं मात्र धरून चालू नये. इथेच पहिली चूक होते. पालक शिक्षिकेला गोड शब्दांत ईमेल करतात: मुलगी जरा अस्वस्थ आहे, वेळ मिळाल्यास लक्ष द्याल का? शिक्षिका दुसऱ्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवते, हस्तांदोलन करायला लावते, आणि सगळ्यांच्या लेखी ते प्रकरण मिटतं. फॉर्म नाही, चौकशी नाही, नोंद नाही. पुढच्या महिन्यात तेच मूल दुसऱ्या मुलाला तेच म्हणतं आणि तीही ‘पहिलीच घटना’ ठरते. म्हणून ईमेलच्या पहिल्याच वाक्यात स्पष्ट असावं: ही एचआयबीची तक्रार आहे. ईमेल मुख्याध्यापक आणि स्पेशालिस्ट दोघांना जावा. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच संध्याकाळी, ‘आज आपलं असं असं बोलणं झालं’ एवढं तरी लिहून पाठवावं.

तक्रारीत तारीख, वेळ आणि जागा हवी. ‘कॅफेटेरियात’ एवढं पुरत नाही. कोणत्या टेबलापाशी, रांगेत की बसल्यावर, हेही हवं, कारण त्यावरून कोण जवळ होतं ते कळतं आणि कॅमेऱ्याचं चित्रण पाहता येतं. ते चित्रण जपून ठेवावं अशी लेखी विनंती त्याच दिवशी करावी, कारण पुष्कळ यंत्रणांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. आपल्याला शिवी लिहायला संकोच होतो, मग आपण ‘काहीतरी वाईट बोलला’ असं लिहितो, आणि चौकशी करणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. शब्द घाण असला तरी तो पुरावा आहे. तो तसाच लिहावा. कोणी पाहिलं, कोणाला सांगितलं, त्यानंतर मूल काय करेनासं झालं, तेही लिहावं. डबा परत येणं, बस नको म्हणणं हे त्या शेवटच्या ओळीत येतं, आणि त्या ओळीला वजन असतं. ग्रूप चॅटचा मजकूर असेल तर स्क्रीनशॉटमध्ये तारीख, ग्रूपचं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव दिसायला हवं. नुसतं वाक्य कापून ठेवलं तर ते कोणाचं हे नंतर ठरवता येत नाही. आणि तो स्क्रीनशॉट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर फिरवू नये. त्यात दुसऱ्या कोणाचं तरी बारा वर्षांचं मूल आहे.

या कायद्यात एक शब्द फार मोलाचा आहे. छळ मुलाच्या खऱ्या किंवा ‘वाटलेल्या’ वेगळेपणामुळे झाला, तरी तो छळच धरायचा. म्हणजे व्हिएतनामी मुलाला चिनी समजून, शीख मुलाला आणखी कोणी समजून, किंवा सोलापूरच्या मुलीला पाकिस्तानी समजून त्रास दिला, तर ‘पण ती ती नाहीच’ हा बचाव चालत नाही. जी गोष्ट डेट्रॉइटला आणि ॲरिझोनात माणसं गेल्यावर कळली, ती इथे निदान कायद्याच्या भाषेत उतरली आहे. फॉर्म भरताना वंश, वर्ण, मूळ देश अशा कारणांच्या चौकटी असतात. तिथे खूण न करता फॉर्म दिला, तर वंशद्वेषाची घटना साध्या भांडणाच्या खात्यात जाते. ही दुसरी नेहमीची चूक.

तिसरी शाळेकडून होते. ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे दोन सारख्या ताकदीच्या मुलांमधला वाद, आणि एचआयबी म्हणजे छळ, असा फरक शाळा करतात. फरक खराच आहे. पण खूप दिवस सोसलेलं मूल एके दिवशी उलटून ढकलतं, आणि त्या क्षणापुरतं पाहिलं तर दोघे सारखेच दिसतात. दोघांना सारखी शिक्षा होते. मार खाल्लेल्याला त्यातून जे कळतं ते पुन्हा पुसता येत नाही. काही वेळा तर तक्रार वाचूनच ‘हे एचआयबीत बसत नाही’ असा प्राथमिक निर्णय दिला जातो आणि चौकशी होतच नाही. त्या निर्णयावरही बोर्डाकडे अपील करता येतं, हे लक्षात ठेवावं. मागच्या घटना तारखेसकट लिहिलेल्या असतील, तर एका क्षणाच्या आधीचे महिने तिथे दिसू लागतात. साध्या वहीतल्या त्या चार ओळी इथे कामी येतात.

आणि एक अपेक्षा आधीच सोडून द्यावी. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली हे शाळा सांगणार नाही. विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा तिला बांधून ठेवतो. छळ सिद्ध झाला की नाही, आणि त्यानंतर काही पावलं उचलली का, एवढं कळतं. ‘त्याला काढलं का?’ हा प्रश्न विचारण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ‘उद्या डब्याच्या सुट्टीत माझ्या मुलीच्या टेबलाजवळ कोण असेल?’ हे विचारावं. त्याचं उत्तर शाळेला देता येतं.

न्यू जर्सीबाहेर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. पण केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण लागू असतं. वंश, वर्ण किंवा मूळ देशावरून होणारा छळ शाळेला ठाऊक असून तिने काही केलं नाही, तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांत तक्रार देता येते. ती पालकानेच द्यावी असंही नाही, कोणीही देऊ शकतं. मात्र मार्च २०२५ मध्ये या कार्यालयाच्या मनुष्यबळात मोठी कपात झाली आणि बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयं बंद करण्याचं जाहीर झालं. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्ही त्यात होती. तेव्हा दूरच्या दारावर विसंबून जवळचं दार सोडू नये. न्यू जर्सीत राज्याचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा आहे, आणि विद्यार्थ्याने विद्यार्थ्याचा केलेला छळ रोखला नाही तर शाळा जिल्हा जबाबदार ठरू शकतो, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरवलेलं आहे.

तक्रार ही एका घराची असते. शाळेने उभं राहायचं म्हणजे ज्यांच्या मुलाला काहीच झालेलं नाही, त्यांनी उभं राहायचं. यात मुलं मोठ्यांपेक्षा हुशार निघतात, पण त्यांना करायचं काय हे आधी दाखवावं लागतं. ‘धाडसी बना’ सांगून भागत नाही. साक्षीदाराने काय करावं याच्या पाच रीती अमेरिकेतल्या प्रशिक्षणांत शिकवल्या जातात आणि त्या खरोखर उपयोगी आहेत. त्रास देणाऱ्याकडे न बघता त्रास होणाऱ्याशी भलतंच काही बोलायला लागायचं: “अरे, गणिताचं आणलंस का?” तेवढ्याने धागा तुटतो. किंवा जवळच्या मोठ्या माणसाला बोलवायचं. किंवा काय घडलं ते लक्षात ठेवून लगेच लिहून काढायचं. किंवा प्रसंग सरल्यावर त्याच्याजवळ जाऊन विचारायचं, ठीक आहेस का, बरोबर जेवू का. आणि सगळ्यात शेवटी, आपल्याला धोका नसेल तरच, तोंडावर सांगायचं की हे बोलणं बंद कर. सात-आठ वर्षांच्या मुलांना पहिली आणि चौथी रीत पुरते. पाचवी त्यांच्याकडून मागू नये. रविवारच्या मराठी शाळेत याचा सराव छान होतो, कारण तिथे मूल निर्धास्त असतं. दोघांनी प्रसंग करायचा, तिसऱ्याने एक रीत वापरायची, मग जागा बदलायच्या. चाळीस मिनिटांत पूर्ण वर्ग होतो. एकच दक्षता: त्रास देणाऱ्याच्या तोंडी खरी शिवी घालायची नाही. मुलं तीच लक्षात ठेवतात.

मोठ्यांच्या पाठबळाचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी. मार्च २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्टॉप एएपीआय हेट’ ही द्वेषाच्या घटना नोंदवण्याची मोहीम सुरू झाली; एएपीआय म्हणजे आशियाई अमेरिकन आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक. ती उभारणाऱ्या तिघांत रसेल जुंग आणि सिंथिया चोई यांच्याबरोबर मंजुषा कुलकर्णी आहेत. कुलकर्णी हे आडनाव तिथे पाहून आपल्याला बरं वाटतं, वाटावंच. पण त्याहून महत्त्वाचं हे की चिनी माणसांवर मुख्य रोख असलेल्या द्वेषाविरुद्ध भारतीय वंशाची बाई पहिल्या दिवसापासून उभी राहिली. १९ मार्च २०२० ते ३१ डिसेंबर २०२१ या काळात त्यांच्याकडे १०,९०५ घटना नोंदल्या गेल्या. त्यांतला मोठा भाग मारहाणीचा नव्हता, शब्दांचा होता. अशा घटना एरवी कुठेच लिहिल्या जात नाहीत. मधल्या काळात, १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा भागात एका माणसाने आठ जणांना ठार केलं. त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. त्यानंतर अनेक शाळांनी निवेदनं काढली, मेणबत्त्या लावल्या. ज्या शाळांत पुढे काही घडलं, तिथे मेणबत्त्यांनंतर कोणीतरी विचारलं होतं की आपल्या इथे गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, आणि त्यांचं काय झालं.

हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या मराठी माणसानेही स्वतःला विचारावा, कारण दुवा खरा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा आणि मारहाणीच्या काही घटनांनंतर ईशान्य भारतातले हजारो विद्यार्थी आणि कामगार पुण्यातून रेल्वेगाड्या भरभरून परत गेले. मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृह खात्याला राज्यांना कळवावं लागलं की ईशान्येच्या लोकांना कोरोनावरून त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा. ‘चिंकी’ हा शब्द आपल्या कॉलेज कट्ट्यांवर आजही हसत हसत वापरला जातो. एडिसनमधल्या नातवाला ‘कोरोना’ म्हटल्यावर जे पोटात तुटतं, ते पुण्यात खोली शोधणाऱ्या मणिपुरी मुलीसाठीही तुटायला हवं.

आता अभ्यासक्रमाबद्दल. इलिनॉय राज्याने जुलै २०२१ मध्ये सरकारी शाळांत आशियाई अमेरिकन इतिहास शिकवणं बंधनकारक केलं. असं करणारं ते पहिलं राज्य. न्यू जर्सीने जानेवारी २०२२ मध्ये तसाच कायदा केला, आणि त्यासाठी विद्यार्थी, पालक व शिक्षक मिळून विधिमंडळापर्यंत गेले होते. कायदा झाला तरी वर्गात काय पोचतं, हे शिक्षकावर असतं. बऱ्याच शाळांत ते मे महिन्यातल्या ‘हेरिटेज मंथ’वर, म्हणजे आशियाई वारशासाठी ठरवलेल्या महिन्यावर, ढकललं जातं. मे निवडण्यामागे कारणं आहेत: १८४३ च्या मेमध्ये पहिला जपानी माणूस अमेरिकेत आला, आणि १० मे १८६९ रोजी आंतरखंडीय रेल्वेमार्ग पूर्ण झाला, ज्याच्या पश्चिमेकडच्या भागात हजारो चिनी मजूर राबले. पण मे म्हणजे परीक्षांचा महिना आणि जूनमध्ये शाळा संपते. मग समोसे, ड्रॅगनचा नाच, साडी-किमोनोचा फॅशन शो आणि झालं. मुलांना ते आवडतं, आवडू दे. मात्र समोसा आवडणारं मूल समोसा आणणाऱ्याच्या नावाची टिंगल करत नाही, असं मुळीच नाही.

शिकवायचं असेल तर मेमी टेपपासून सुरुवात करावी. सान फ्रान्सिस्कोतली आठ वर्षांची मुलगी. १८८४ साली तिला चिनी म्हणून स्प्रिंग व्हॅली शाळेत घेतलं नाही. आई-बापांनी खटला भरला आणि मार्च १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तेवढ्यात राज्याने कायदा बदलून चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढायची सोय केली, आणि जिंकूनही मेमीला त्या शाळेत जाता आलं नाही. तिसरीतल्या मुलांना ही गोष्ट लगेच कळते, कारण मेमी त्यांच्याच वयाची आहे. न्याय मिळूनही दार बंद राहू शकतं, हे त्यांना कळतं, आणि ती फार चांगले प्रश्न विचारतात.

आणि तिच्या शेजारी मांडायला आपल्याकडे एक चित्र आहे. मेमीचं दार बंद होत होतं त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकत होत्या. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला, आणि १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, पत्रातून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. एकाच देशात, एकाच वर्षी, एका आशियाई मुलीला पहिलीचा वर्ग बंद आणि एकीला वैद्यकाचा वर्ग उघडा. का? याचं उत्तर शोधायला हायस्कूलच्या मुलांना एक पूर्ण तास द्यावा. कायदा, पैसा, धर्म, मजुरीची स्पर्धा, आणि एका गृहिणीने अनोळखी मुलीला लिहिलेलं पत्र. सगळं त्यात येतं.

न्यू जर्सीतल्या शाळांत ऑक्टोबरचा पहिला आठवडा कायद्यानेच ‘वीक ऑफ रिस्पेक्ट’ असतो. त्याला लागूनच १० ऑक्टोबर येतो, आणि १८८५ सालच्या त्याच तारखेचं फिलाडेल्फियातलं एक छायाचित्र आहे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत, एक भारतातली, एक जपानमधली, एक सीरियातली. ते मोठं करून भिंतीवर लावावं. नावं खाली लिहू नयेत. आधी मुलांना विचारावं की काय दिसतं, या कुठून आल्या असतील, कशाला आल्या असतील, डब्यात काय नेत असतील. मग नावं फळ्यावर लिहावीत, आणि हजेरीच्या यादीत अवघड नाव आलं की शिक्षक जसे थबकतात तसं न थबकता, प्रत्येक अक्षर सोडवून, पूर्ण वर्गाकडून म्हणून घ्यावीत: आनंदीबाई जोशी. केई ओकामी. सबात इस्लामबूली.